हरलेल्या डावांची खतावणी

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब लिहितो. वय ४७. चेस डॉट कॉम या बुद्धिबळाच्या साइटवर माझं रॅपिडचं, म्हणजे जरा सावकाश डावांचं, रेटिंग पावणेदोन वर्षं ६८० ते ७५० या पट्ट्यात लोंबकळत होतं. आज ते ११४० आहे. मास्टर कसं व्हायचं ते मला विचारू नका. सातशेवरून अकराशेवर कसं यायचं तेवढं सांगतो, कारण तेवढंच मी केलंय.

आमचं गाव बुद्धिबळाचं. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ इथलं, त्यामुळे इथं सातशे रेटिंग सांगायची पण चोरी. शेजारची नऊ वर्षांची पोरगी मला हरवून शेंगा खात घरी जायची. तेव्हा मी काय केलं? सगळे करतात तेच. १,८०० रुपये भरून सिसिलियन बचावाचा, म्हणजे काळ्या सोंगट्यांच्या एका सुरुवातीचा, ऑनलाइन कोर्स घेतला. समोरचा तिसऱ्या चालीलाच कोर्सात नसलेलं काहीतरी खेळायचा आणि माझा अभ्यास तिथंच संपायचा.

डोक्यात उजेड पडला तो मार्चअखेरीला, वर्षाचे हिशेब मिटवताना. दुकानात तोटा दिसला की आपण नवीन धंद्याचा विचार आधी करत नाही. पैसा कुठल्या खात्यातून गळतोय ते बघतो. मग मी एक लाल वही घेतली आणि शेवटचे हरलेले ५० डाव एकेक करून उघडले. प्रत्येक डावात जिथं गाडी घसरली ती एकच चाल शोधायची आणि तिला खातं द्यायचं. बेरीज अशी आली: सोंगटी फुकट दिली ३१, मात दिसली नाही ८, घड्याळ संपलं ६, शेवटचा खेळ (थोड्याच सोंगट्या उरल्यावरचा) येत नव्हता ४, सुरुवात चुकली १. ज्या खात्यावर एकच नोंद, त्यावर मी १,८०० रुपये घातले होते.

तुम्हाला पहिलं काम हेच सांगेन. ५० नको, २० डाव घ्या. कॉम्प्युटरचं विश्लेषण बघा, पण आधी स्वतः अंदाज लिहा, मग बघा. नाहीतर यंत्र सांगतं आणि आपण मान डोलावतो.

'फुकट' हे खातं मोठं निघालं म्हणून मी त्याचे पोटभाग केले. सोंगटी सरळ मारात नेऊन ठेवली, ९. समोरच्यानं कशावर नेम धरला ते बघितलंच नाही, १४. आणि उरलेल्या ८ मध्ये वेगळीच गंमत होती. एक दाखवतो. माझे दोन घोडे, एक डी४ वर, एक एफ३ वर (उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८). डी४ च्या घोड्याला राखण फक्त एफ३ च्या घोड्याची. समोरचा हत्ती डी८ वर आणि डीची उभी पट्टी मोकळी. माझा डोळा एफ७ वर, म्हणून मी एफ३ चा घोडा मोठ्या ऐटीत ई५ ला नेला. हत्तीनं डी४ चा घोडा उचलला. माझी चाल दिसायला चांगली होती. फक्त राखणदार जागेवरून उठला होता. अशा चुका मी आठ वेळा केल्या होत्या आणि दर वेळी 'अरे, हुकलं' म्हणून पुढच्या डावाचं बटण दाबलं होतं.

त्यावर उपाय कंटाळवाणा आहे. समोरच्यानं चाल केली की आधी त्याच्या बाजूनं बघायचं: त्याला कुठला शह देता येतो, काय मारता येतं, आता कशावर नेम धरलाय. मग आपली चाल ठरवायची आणि ती करण्याआधी एकच प्रश्न: ही सोंगटी उठली की कोण उघडं पडतं? मी फोन हातात धरून खेळायचं बंद केलं. टेबलावर ठेवतो, हात मांडीवर. हसू येईल, पण बोट स्क्रीनपासून लांब असलं की निम्म्या चुका तिथंच थांबतात.

हे तीन मिनिटांच्या डावात जमत नाही. माझे दिवसाला पंधरा-वीस डाव व्हायचे, बहुतेक तीन-तीन मिनिटांचे, त्यात चूक पाठ होते, बाकी काही नाही. आता १५ मिनिटं अधिक दर चालीला १० सेकंद, रोज दोनच डाव. पहिले पंधरा दिवस हात शिवशिवतो.

कोडी रोज वीस मिनिटं, दुकान उघडायच्या आधी. लीचेस या बुद्धिबळाच्या दुसऱ्या साइटवर ती फुकट आहेत, जाहिराती नाहीत, आणि विषय निवडता येतो. महिनाभर फक्त दुहेरी मार (एका सोंगटीचा दोघांवर नेम) सोडवा, मग जखडलेल्या सोंगट्या (हलल्या तर मागचा मोठा मोहरा उघडा पडतो अशा). अंदाजानं चाल ठोकायची नाही. शेवटपर्यंत दिसली तरच. आणि लीचेसवरचा आकडा बघून हुरळू नका, तिथला मोजच वेगळा, शिवाय तिथं सुरुवातच १५०० पासून होते.

सुरुवातीच्या चालींबद्दल थोडकंच. मधली प्यादी, घोडे, उंट बाहेर काढा आणि दहा चालींच्या आत किल्लेकोट (कॅसलिंग: राजा हत्तीकडे दोन घरं सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे) करा. मला हे जड गेलं, कारण आजोबांनी देशी पद्धत शिकवलेली. तिच्यात प्यादं पहिल्यापासून एकच घर चालतं आणि राजाला एकदा घोड्याची उडी असते, त्यामुळे किल्लेकोट मला सुचायचाच नाही. समोरचा उंट सी४ ला आणून वजीर एच५ ला घेऊन आला तर घाबरून घोडा एफ६ ला नेऊ नका, एफ७ वर मात बसते. ई५ च्या प्याद्याला सी६ च्या घोड्याची राखण असेल तर जी६ करा, वजीर एफ३ ला गेला की मग घोडा एफ६. आणि किल्लेकोटानंतर कधीतरी सवडीनं एच३ करून राजाला खिडकी ठेवा. माझ्या आठ मातींपैकी पाच शेवटच्या ओळीत कोंडूनच झाल्या होत्या.

शेवटच्या खेळातलं एकच पाठ करा: राजा पुढे, प्यादं मागे. आपला राजा ई६ वर, प्यादं ई५ वर, समोरचा राजा ई८ वर. चाल कुणाचीही असो, आपण जिंकतो. हेच प्यादं घाईनं ई७ ला गेलं, आपला राजा ई६ वर, त्याचा ई८ वर आणि चाल त्याची असली, तर त्याला हलायला घरच नाही, शहही नाही, म्हणजे बरोबरी. पटावर तीन सोंगट्या मांडून घरातल्या कुणाबरोबर वीस वेळा खेळा. बायको माझ्याशी खेळली, आणि सहाव्या वेळी तीच मला म्हणाली, "अहो, प्यादं काय पळवताय?"

वही चालूच आहे. गेल्या ५० हारींत फुकट १२ वर आलंय, घड्याळ मात्र १९. सगळं बघत बसलो की वेळ पुरत नाही, आता ते खातं हाताशी घेतलंय. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला दुकानाच्या चोपड्यांखाली ही लाल वहीही मी गुपचूप सरकवली होती. शेठनी उचलून विचारलं, "हे कुणाचं खातं?"

मी म्हटलं, "बुडीत."