पोस्टफिक्सवर मेलची हेडर्स गायब होतात तेव्हा

पोस्टफिक्स या मेल सर्व्हरवर एखादं हेडर (मेलच्या वरची माहितीची ओळ) नक्की कुठे हरवतंय ते कळेपर्यंत कॉन्फिगला हात लावू नका. चाचणी मेल क्यूमध्ये (सर्व्हरवरच्या मेलच्या रांगेत) होल्डवर ठेवा आणि ‘पोस्टकॅट -क्यू’ या कमांडने उघडून वाचा. हेडर तिथेच नसेल तर मेल आत येताना ते गेलं. असेल तर ‘एसएमटीपी हेडर चेक्स’, म्हणजे मेल बाहेर पाठवताना हेडर्सना लागणारे नियम, तपासा, नाहीतर दोष पुढच्या सर्व्हरचा.

फक्त ‘डेट’ किंवा ‘मेसेज-आयडी’ नसेल तर गोष्ट सोपी आहे. पोस्टफिक्स 2.6 पासून ही हेडर्स ‘लोकल हेडर रीराइट क्लायंट्स’ या सेटिंगमध्ये बसणाऱ्या क्लायंट्सच्या मेललाच जोडली जातात. तिथे ‘परमिट सासल ऑथेंटिकेटेड’ (लॉगिन करून पाठवणारे) घाला, झालं.

खरा घोळ ‘रिसीव्ह्ड’चा, म्हणजे मेल कोणकोणत्या सर्व्हरमधून आला ते सांगणाऱ्या ओळींचा. युझरचा आयपी लपवायला ‘हेडर चेक्स’मध्ये (मेल आत येताना हेडर्सना लागणाऱ्या नियमांत) ‘रिसीव्ह्ड’ला सरसकट ‘इग्नोर’ लावा, म्हणजे ओळच कापा, असा सल्ला सर्रास दिला जातो. कृपा करून ऐकू नका. हा नियम बाहेरून येणाऱ्या मेललाही लागतो आणि मेल कुठून, किती वेळात आला याचा माग पुसला जातो. मी तो लावला होता. पुढे एका सहकाऱ्याने बाहेरच्या खात्यावरून एक फसवा मेल अटॅचमेंट म्हणून पाठवला. त्याच्याकडच्या प्रतीत ‘रिसीव्ह्ड’च्या सगळ्या ओळी होत्या, माझ्याकडे एकही नाही. दोन दिवस मी त्याच्या मेल क्लायंटला दोष देत राहिलो. ‘नेस्टेड हेडर चेक्स’ वेगळं दिलं नाही तर तेही ‘हेडर चेक्स’चेच नियम घेतं, म्हणजे जोडलेल्या मेलच्या आतली हेडर्सही कापली जातात, हे मला ठाऊक नव्हतं. लॉगमध्येही काही सापडेना, कारण ‘इग्नोर’ काहीच नोंदवत नाही. आवृत्ती 3.2 किंवा पुढची असेल तर त्याजागी आजच ‘स्ट्रिप’ लिहा. कापलेली प्रत्येक ओळ लॉगमध्ये दिसेल.

आयपी लपवायचाच असेल तर ‘मास्टर डॉट सीएफ’ या कॉन्फिग फाइलमध्ये वेगळी क्लीनअप सर्व्हिस (हे नियम लावणारा पोस्टफिक्सचा भाग) करा आणि ‘क्लीनअप सर्व्हिस नेम’ने ती फक्त 587 आणि 465 या, युझर मेल पाठवतात त्या, पोर्टना जोडा. नियम तिथेच ठेवा, ‘नेस्टेड हेडर चेक्स’ लिहून त्याची किंमत मुद्दाम रिकामी ठेवा. ओळ उडवू नका, ‘रिप्लेस’ने तेवढा आयपी बदला. नियम लागू करण्याआधी ‘पोस्टमॅप -क्यू’ या कमांडला खऱ्या मेलमधली ओळ देऊन बघा.

डीकिम सही (मेल वाटेत बदलला नाही हे दाखवणारी डिजिटल सही) मिल्टरने, म्हणजे पोस्टफिक्सला जोडलेल्या बाहेरच्या प्रोग्रामने, होत असेल तर सही केलेली हेडर्स ‘एसएमटीपी हेडर चेक्स’मध्ये बदलू नका. ते नियम सहीनंतर चालतात, सही मोडते.

पोस्टफिक्स रीलोड करा, मग एक मेल आतून बाहेर आणि एक बाहेरून आत पाठवा. दुसऱ्याला एखादा जुना मेल अटॅचमेंट म्हणून जोडा आणि त्याच्या आतली हेडर्स मोजा.