लॅपटॉप डेड झालाय? "बोर्ड गेला" ऐकून गप्प बसू नका, आधी हे तपासा

पावसाळा लागला की मुंबईत हे ठरलेलंच. बॅगेत बाटली गळते, नाहीतर स्टेशनवरून ऑफिसला जाईपर्यंत बॅग आतून ओली होते, आणि मग बटण दाबलं की ना लाइट, ना फॅन. दुकानात नेला की पाच मिनिटांत निकाल, "मदरबोर्ड गेला, बदलावा लागेल". आता अख्खा बोर्ड जातो असं फार कमी वेळा होतं, बहुतेकदा त्याच्यावरचा एखादा पार्ट गेलेला असतो, आणि तो कोणता हे मल्टिमीटर हातात असेल तर बऱ्यापैकी कळतं.

पाणी गेलं असेल तर पहिलं काम म्हणजे चार्जर काढा, मागचं कव्हर उघडा आणि बॅटरीचा कनेक्टर काढा. तांदळाच्या डब्यात ठेवणं वगैरे विसरा. तांदूळ चिपखालचं पाणी ओढत नाही आणि पाण्यातले क्षार तर तिथेच राहतात, वर बॅटरी जोडलेली असेल तर ओलाव्यातून करंट जात राहतो आणि तांबं खाल्लं जातं. "चालू होतोय का बघू" म्हणून बटण तर अजिबात दाबू नका. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोचू-वाकवू नका, बाजूला ठेवा.

पाण्याची भानगड नसेल तर आधी फुकटातले उपाय करा. चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढून पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून बघा. रॅम काढून तिचे सोनेरी पाय खोडरबरने हलके पुसा, दोन असतील तर एकेक लावून बघा. फॅन फिरतोय पण स्क्रीन काळी असेल तर अंधारात स्क्रीनवर टॉर्च मारा, पुसटसं चित्र दिसलं तर फॉल्ट बॅकलाइटचा आहे, उगाच प्रोसेसरवर संशय घेऊ नका. आणि चार्जर मोजा हो, गोल पिनचा असेल तर साधारण १९ ते २० व्होल्ट यायला हवेत. टाइप सी असेल तर यूएसबी मीटर मधे लावा. लॅपटॉपने नीट मागितलं तर बहुतेक मॉडेलमध्ये व्होल्टेज २० वर चढतं, ५ वरच अडकलं तर केबल, चार्जर, पोर्ट किंवा पोर्टमागची चिप यातलं काहीतरी बिनसलंय.

एवढं करूनही डेडच असेल तर बोर्ड बाहेर काढा. खोलीतला फॅन बंद करून चांगल्या उजेडात बसा, आपल्याकडच्या उकाड्यात घाम बोर्डावर टपकतो म्हणून एक नॅपकिन जवळ असू द्या. आधी नुसतं बघा. कीबोर्डच्या खालची जागा, चार्जिंग पोर्टच्या आसपास, डिस्प्लेचा कनेक्टर. कॉइलच्या (बोर्डावरचे चौकोनी ठोकळ्यासारखे पार्ट) पायाशी पांढरट-हिरवी पावडर दिसली की समजायचं, इथे पाणी होतं. ९९ टक्क्यांचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ टूथब्रश घ्या, हलक्या हाताने घासा आणि पूर्ण सुकू द्या. डिस्प्लेच्या कनेक्टरवर जास्त वेळ घालवा कारण तिथे बॅकलाइटची चढ्या व्होल्टेजची पिन डेटाच्या पिनांपासून फार लांब नसते, मध्ये गंज असेल तर ते व्होल्टेज भलतीकडे जाऊन मोठं नुकसान होतं. ती केबल बॅटरी जोडलेली असताना कधीच काढायची-लावायची नाही.

आता मीटर. बोर्डाची पॉवर समजायला बिल्डिंगची गच्चीवरची टाकी डोळ्यासमोर आणा. चार्जरचे १९ व्होल्ट दोन मॉसफेटमधून (वीज सोडणारे-अडवणारे छोटे स्विच) मेन लाइनवर येतात, आणि तिथून ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, रॅम, प्रोसेसर असं सगळीकडे खाली वाटलं जातं. चार्जर-बॅटरी काढून मीटर ओहमवर ठेवा, काळी प्रोब स्क्रूच्या भोकाच्या कडेला, लाल प्रोब एकेका कॉइलवर. मेन लाइनवर हजारांत रीडिंग आलं तर ठीक, दोन-चार ओहम आलं तर शॉर्ट, म्हणजे वीज मधूनच थेट ग्राउंडला जातेय. पण इथे नवीन माणूस हमखास फसतो: प्रोसेसर आणि ग्राफिक्सच्या कॉइलवर मुळातच फार कमी ओहम दिसतात, कधीकधी एकापेक्षाही कमी, आणि बीपच्या मोडवर ठेवला तर मीटर बीपही वाजवतो. तो शॉर्ट नसतो, ते नॉर्मल आहे.

मेन लाइन शॉर्ट असेल तर बऱ्याचदा एखादा छोटा चॉकलेटी सिरॅमिक कॅपॅसिटर दोषी निघतो. तो शोधायला बेंच सप्लायवरून (व्होल्ट-करंट हवे तसे ठरवता येणारा पॉवर सप्लाय) १ व्होल्ट, करंटला लिमिट ठेवून, त्या लाइनवर सोडायचा आणि बोर्डावर आयपीएचा पातळ थर द्यायचा, जिथलं आधी उडून जातं तो पार्ट तापतोय. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ आग नको, आयपीए पेट घेतं. एक धोका मात्र लक्षात ठेवा, मेन लाइन आणि प्रोसेसरच्या कॉइलमधला मॉसफेट (हाय-साइड) शॉर्ट असेल तर मेन लाइनवर सोडलेलं व्होल्टेज थेट प्रोसेसरला जातं, म्हणून आकडा १ च्या वर न्यायचा नाही आणि प्रोसेसरच गरम व्हायला लागला तर लगेच बंद.

शॉर्ट नसेल तर फक्त चार्जर लावून व्होल्टेज मोजा, प्रोब घसरू देऊ नका. जॅकवर १९ आहेत पण मॉसफेटच्या पलीकडे नाहीत, तर ते मॉसफेट किंवा चार्जिंग आयसी (चार्जिंग सांभाळणारी चिप) बघायचा. मेन लाइन आहे पण ३.३ आणि ५ नाहीत, तर ते बनवणारा आयसी. हे सगळं आहे आणि बटणाला दादच नाही, तर पॉवर बटण, ईसी चिप (बटण-कीबोर्ड-पॉवर सांभाळणारी) किंवा बायोस (लॅपटॉप सुरू करणारा प्रोग्रॅम). इथून पुढे स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा) आणि बोर्डव्ह्यू (कोणता पार्ट बोर्डावर कुठे आहे ते दाखवणारी फाइल) लागतो, बोर्डावर छापलेला नंबर टाकून शोधा, लॅपटॉपच्या मॉडेलचा नाही.

हॉट एअर (गरम हवेने पार्ट काढायचं-लावायचं यंत्र) हातात बसलेलं नसेल तर इथेच थांबा आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठा, रविवारी मात्र बरीच दुकानं बंद असतात. "रिपेअर होईल का?" असं मोघम विचारू नका. सरळ विचारा, चिप लेव्हल काम (बोर्डावरचा एकेक पार्ट बदलणं) इथेच करता का बाहेर पाठवता, कोणत्या लाइनवर शॉर्ट आहे, काढलेला पार्ट परत देणार का. न मोजताच "हीट मारून चालू करतो" म्हणाला तर लॅपटॉप उचला आणि निघा, तसा चालू झालेला बोर्ड बऱ्याचदा थोड्या दिवसांत परत बंद पडतो. एसएसडी सुटी असेल तर घरीच काढून ठेवा. टी-टू किंवा एम सिरीजच्या (अ‍ॅपलच्या स्वतःच्या) चिपच्या मॅकबुकमध्ये ती सोय नाही, स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं आणि एन्क्रिप्शन त्याच बोर्डावरच्या चिपशी बांधलेलं, म्हणजे बॅकअप नसेल तर बोर्ड बदलला की डेटा गेला. तेव्हा काउंटरवरच बजावून सांगा, "आधी डेटा, मग बाकीचं, आणि विचारल्याशिवाय बोर्ड बदलायचा नाही", आणि ते पावतीवर लिहून घ्या.