पीटच्या गोळ्यांवरील बुरशी
पीटच्या गोळ्यांवर (म्हणजे बी रुजवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींच्या दाबून बनवलेल्या चकत्यांवर) दिसणारी पांढरी, कापसासारखी बुरशी बहुधा रोपाला थेट अपाय करत नाही. मात्र ती दिसणे म्हणजे ओलावा जास्त आणि हवा कमी, असे समजावे. गोळी कोमट पाण्यात फुगवल्यावर हलक्या हाताने दाबून जादा पाणी काढावे, आणि बी उगवताच ट्रेवरचे झाकण हटवावे, कारण बहुतेकांची चूक नेमकी येथेच होते. पुढे पाणी ट्रेच्या तळाशी घालून अर्ध्या तासाने उरलेले ओतून द्यावे. बुरशी आलीच, तर चमच्याने खरवडून गोळीचा वरचा भाग सुकू द्यावा. खोड बुडाशी काळे, बारीक होऊन रोप आडवे पडले, तर तो मर रोग होय. असे रोप सहसा वाचत नाही, म्हणून ते गोळीसह तातडीने बाहेर काढावे.