साथीचा माग काढताना या चुका टाळा

‘एक रुग्ण सरासरी तिघांना बाधित करतो’ असं ऐकलं की लगेच हिशोब सुरू होतो: एकाचे तीन, तिघांचे नऊ. पहिली चूक इथेच होते. २००३ साली सिंगापूरमध्ये सार्सच्या (कोविडसारख्याच श्वसनाच्या आजाराच्या) पहिल्या २०१ संभाव्य रुग्णांपैकी १०३ जणांना लागण झाली ती अवघ्या पाच जणांकडून. ८१ टक्के रुग्णांनी आजार पुढे कोणाला दिल्याचं आढळलंच नाही. २०२० मध्ये आंध्र आणि तमिळनाडूतल्या कोविड रुग्णांच्या संपर्कांचा अभ्यास झाला, तिथेही सुमारे ७० टक्के रुग्णांच्या संपर्कातलं कोणीच पॉझिटिव्ह निघालं नव्हतं. सरासरी खोटी नसते, पण साथीचं खरं रूप त्यात दिसत नाही.

यातूनच दुसरी चूक होते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महागात पडते. रुग्ण सापडला की आपण विचारतो, ‘तुम्ही कोणाकोणाला भेटलात?’ पण बहुतेक लागण मोजक्या ठिकाणी होत असेल, तर हातात आलेला रुग्णही बहुधा तिथूनच आलेला असणार. म्हणून आधी हे विचारा: ‘ताप यायच्या आधीच्या आठवड्यात बंद जागेत गर्दीत कुठे बसला होतात? तिथलं आणखी कोणी आजारी आहे का?’ एक लग्नाचा हॉल सापडला की आणखी दहा घरं सापडतात. जपानने २०२० मध्ये असा उलटा माग काढण्यावर भर दिला होता.

नकाशावरच्या अंतरावर विसंबणं ही तिसरी चूक. फेब्रुवारी २००३ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातले एक आजारी डॉक्टर हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरले आणि तिथल्या पाहुण्यांबरोबर सार्स टोरांटो, हनोई, सिंगापूरला पोहोचला. शेजारचं गाव सुरक्षित आणि टोरांटो बाधित, असंही होऊ शकतं.

लस कमी असेल तर चिठ्ठ्या टाका, पण चिठ्ठीत नाव आलेल्यालाच लस देऊ नका. त्याला एका ओळखीच्या माणसाचं नाव विचारा आणि लस त्या माणसाला द्या. ज्याच्या ओळखी जास्त, त्याचं नाव कोणाच्या तरी तोंडी येण्याची शक्यताही जास्त. २००९ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांत असे ‘मित्र म्हणून नाव आलेले’ इतरांच्या सुमारे दोन आठवडे आधी फ्लूने आजारी पडले होते.

आणि हो, चौकशीला जाताना दंडाची पावती दाखवू नका. घाबरलेला माणूस यादीतून नेमका तो लग्नाचा हॉलच गाळतो.