कॉम्प्युटर मेलो, फायली जित्या

मार्च लागला की माझ्या देवगडातल्या झेरॉक्सच्या दुकानात दोनच कामं येतात: आंब्याच्या खोक्यांची लेबलं आणि बंद पडलेले कॉम्प्युटर. बागायतदाराचं मशीन जूनपासून कोपऱ्यात झाकून ठेवलेलं असतं. पावसाळाभर खारा, दमट वारा खातं आणि नेमकी पहिली पेटी वाशीला जायच्या वेळेला उठत नाही.

यंदा तात्या आले, मशीन रिक्षात घालून. "कॉम्प्युटर मेलो रे. गिऱ्हाइकांची सगळी यादी त्यातच आसा." भाचा मुंबईहून फोनवर सांगत होता, रिसेट मारा म्हणून. तात्यांनी मारला नाही, हे नशीब. फायली बाहेर निघेपर्यंत रिसेट, फॉरमॅट, नवीन विंडोज यांतलं काहीही करायचं नाही. कोणी 'रिपेअरला ठेवून जा' म्हणालं तरी आधी विचारा, डेटा काढणार की उडवणार?

आधी फुकटातले उपाय. लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा आणि मग नुसत्या चार्जरवर चालू करून बघा. डेस्कटॉपचा पंखा फिरतोय पण स्क्रीन काळीच असेल तर वायर काढून रॅमची पट्टी बाहेर घ्या. आपल्याकडे तिच्या पिवळ्या दातांवर मळकट थर धरतो. शाळेतल्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, चुरा झटका, परत घट्ट बसवा. निम्मी मशीनं इथंच उठतात.

स्क्रीनवर अक्षरं येतात पण विंडोज येत नाही, अशा वेळी पेनड्राइव्ह. आठ जीबीचा पुरतो, पण त्यातलं सगळं पुसलं जाणार हे ध्यानात ठेवा. दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटची (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) आयएसओ फाइल उतरवा (साधारण तीन जीबी, म्हणजे रेंज असलेल्या जागी बसा) आणि रूफस या फुकट प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर चढवा. तो बंद मशीनला लावून चालू करताना बूट मेनूची, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं त्या यादीची, कळ दाबत राहा: डेल आणि लेनोवोला बहुधा एफ १२, एचपीला एफ ९, आसुसला एस्केप. यादीतून पेनड्राइव्ह निवडा. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतं, तुमच्या डिस्कला हात लावत नाही. फक्त डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल' नावाचं एक चित्र असतं, त्यावर चुकूनही टिचकी मारू नका.

आता फाइल मॅनेजर उघडा. डावीकडे तुमची डिस्क नावाने किंवा आकाराने दिसेल. मिंट कधी कुरकुरतं की ही फक्त वाचता येईल, कारण विंडोज नीट बंद झालं नव्हतं. चालेल, आपल्याला वाचायचंच आहे. 'यूजर्स'मध्ये तुमच्या नावाचं फोल्डर असतं, ते अख्खं उचला. बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, त्याच डिस्कच्या दुसऱ्या ड्राइव्हवर नको. ही बाहेरची डिस्क जुन्या फॅट ३२ पद्धतीची असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल घेत नाही, म्हणजे लग्नाचा व्हिडिओ अडकणार. एक्सफॅट ठेवा.

लोक हमखास विसरतात ते सांगतो. हिशेबाच्या टॅलीचा डेटा बहुतेक वेळा तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये नसतो, सी ड्राइव्हवर वेगळा असतो. आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेली लेबलं किंवा लग्नपत्रिका असतील तर विंडोजमधलं 'फाँट्स' फोल्डरही घ्या. नाहीतर फाइल उघडेल, पण 'हापूस'च्या जागी कचरा दिसेल.

डिस्कवर कुलुपाचं चित्र दिसलं तर ते बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला घातलेलं कुलूप. त्याला ४८ आकडी किल्ली लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, मोबाइलवरून लॉगिन करून बघा. किल्ली कुठेच नसेल तर मी काय किंवा अजून कोणी काय, उघडू शकत नाही.

मदरबोर्डच गेला असेल तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची. लॅपटॉपच्या छोट्या हार्डडिस्कला साटा ते यूएसबी केबल पुरते, डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर हवा. नवीन लॅपटॉपमध्ये च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी असते. तिच्यात दोन जाती, एनव्हीएमई आणि साटा. ती आत बसवून यूएसबीला लावायचा डबा मिळतो, दोन्ही चालतील असाच घ्या.

डिस्क टक् टक् आवाज करत असेल तर मात्र तिथेच थांबा. विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवू नका, झाकण उघडू नका, मुंबई-पुण्याच्या डेटा रिकव्हरीवाल्यांकडे पाठवा. पुराचं पाणी शिरलेल्या डिस्कचंही तेच. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तशी वेळ आली तर वीज लावून बघायची नाही आणि उन्हात वाळवायचंही नाही. आत गाळ सुकला की चिकटतो. ओली आहे तशीच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून द्या.

तात्यांचं निघालं ते भलतंच. मशीनचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं! मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर २०३२, संपला होता. त्यामुळे बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंग पुसल्या गेल्या आणि विंडोजला स्वतःची डिस्क ओळखता येईना. तरी आधी फायलीच काढल्या, मग सेल बदलला, सेटिंग पूर्वीसारखी केली. कॉपीची पट्टी संपल्यावर लगेच डिस्क उपटू नका, मिंट मागून लिहीत असतं. 'इजेक्ट' म्हणा आणि थांबा. दोन-चार फोटो, एक एक्सेल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

यादी उघडल्यावर तात्या म्हणाले, "आता ही छापून दी." चार पानं झाली. घडी करून बंडीच्या खिशात घातली आणि डिस्क माझ्याकडेच विसरून गेले.