बेटांच्या वादातून छोट्या देशाचं परराष्ट्र धोरण कसं वाचायचं

रावेरला माझ्याकडे स्पर्धा परीक्षेची पोरं येतात. समुद्र पाहिलेली दोन-चारच. म्हणून आधी नकाशा आणि पट्टी. वाद दक्षिण चीन समुद्रातला, फिलिपिन्स आणि चीनमधला. फिलिपिन्सच्या लुझॉन बेटाच्या किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे ३७० किलोमीटर मोजा. सागरी कायद्याने एवढ्या पट्ट्यातल्या मासळी-खनिजांवर किनाऱ्याच्या देशाचा हक्क असतो. स्कारबरो हा उथळ खडकाळ भाग सुमारे २२० किलोमीटरवर, या पट्ट्याच्या आत येतो. तरी २०१२ पासून तिथे ताबा चीनचा.

मग दुखरी नस शोधा. त्याच वर्षी चीनने फिलिपिन्सच्या केळीची तपासणी कडक केली आणि माल बंदरात सडला. आमच्या पोरांना हे वेगळं समजवावं लागत नाही. व्यापाऱ्याची गाडी चार दिवस आली नाही की घड झाडावरच पिवळा पडतो, मग भाव समोरचा सांगतो.

आता तारखा एकाखाली एक लिहा. १९९२ला फिलिपिन्समधले अमेरिकी लष्करी तळ गेले, १९९५ला मिस्चीफ रीफ या त्याच समुद्रातल्या वादग्रस्त खडकांवर चिनी बांधकाम आढळलं. २०१३ला फिलिपिन्सची आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव, २०१६ला त्याच्या बाजूने निकाल. तेव्हाचे अध्यक्ष दुतेर्ते यांनी तो बाजूला ठेवून चीनकडे गुंतवणूक मागितली. त्यांच्यानंतरचे अध्यक्ष मार्कोस ज्युनियर यांनी २०२३ला अमेरिकेला आणखी चार तळ खुले केले. भारताकडून ब्रह्मोस क्षेपणास्त्रं घेण्याचा करार मात्र दुतेर्तेंच्याच काळात, २०२२ला झाला होता.

इथे ‘पलटी मारली’ असं उत्तरात लिहू नका, मला ते फार खटकतं. बांधावरचा शेजारी दांडगा असला की माणूस कधी तलाठ्याकडे जातो, कधी भाऊबंदांकडे, कधी त्याच्याच ओट्यावर. प्रत्येक तारखेपुढे लिहा: कायदा, बाजार की मित्र?

रविवारी व्हिएतनामचा नकाशा आणा.