पटकथेची रोजची तालीम: पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत लिहिणं कसं टिकवायचं

पुण्यात पटकथेकडे वळणारी बरीच मंडळी एकांकिकेतून येतात. पुरुषोत्तम किंवा फिरोदिया करंडकासाठी लिहिलेलं असतं. तिथे लिहिणं होऊनच जातं, कारण स्पर्धेची तारीख ठरलेली असते, संध्याकाळी तालमीला दहा-पंधरा जण जमलेले असतात आणि त्यांच्या हातात पुढची पानं द्यायची असतात. पटकथेला यातलं काहीच मिळत नाही. दोन तासांच्या सिनेमाची संहिता एकट्याने, कुणी मागितलेली नसताना, महिनोन्‌महिने लिहायची असते. म्हणून पहिली १५-२० पानं झोकात होतात आणि मग फाइल तशीच पडून राहते. प्रतिभा कमी पडली म्हणून असं होतं, हे आम्हाला पटत नाही. तारीख, तालीम आणि पानांची वाट बघणारी माणसं नसतात म्हणून होतं. ती आपली आपण उभी करता येतात, आणि पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

आधी रोजचं माप ठरवा. "रोज दोन तास" किंवा "रोज पाच पानं" हे नोकरी करणाऱ्या माणसाला आठवडाभरही झेपत नाही, आणि झेपलं तरी त्यातून पाल्हाळ वाढतं. पटकथेचं काम सीनमध्ये मोजावं. दोन तासांच्या सिनेमात साधारण ६० ते ८० सीन असतात. आठवड्यातले पाच दिवस, रोज ४५ मिनिटं, एक सीन. ७० सीन धरले तर चौदा आठवडे होतात, आजारपण, लग्नकार्यं, ऑफिसच्या डेडलाइन धरून चार महिने. अर्ध्या पानाचा सीन झाला तरी त्या दिवसाचं काम झालं, उठा. चार पानांचा मोठा सीन असेल तर त्याला दोन दिवस द्या. उरलेले दोन दिवस खरोखर सुट्टीचे ठेवा, नाहीतर मधला एखादा दिवस चुकला की भरून काढायला जागाच राहत नाही.

वनलाइनर झाल्याशिवाय पहिलं पान लिहू नका

सवय मोडते ती बहुतेक वेळा आळसाने नाही, तर उद्या काय लिहायचं हे माहीत नसल्याने. त्यावरचं औषध म्हणजे वनलाइनर: सगळ्या सीनची क्रमवार यादी, प्रत्येक सीनला एक ओळ. याला तीन ते चार आठवडे द्या आणि हे कामही त्याच ४५ मिनिटांत करा, म्हणजे वेळेची सवय पानं सुरू होण्याआधीच लागते.

अप्पा बळवंत चौकात ५ बाय ३ इंचांची कार्डं मिळतात, शंभरचा एक गठ्ठा पुरतो. एका कार्डावर एक सीन. वर जागा आणि वेळ, मध्ये कुणाला काय हवंय, खाली सीन संपताना काय बदललं. कार्डं जमिनीवर पसरून रोज एकदा वरून खाली वाचा. "काय बदललं" ही जागा ज्या कार्डावर रिकामी आहे, तो सीन एकतर गाळायचा किंवा शेजारच्या सीनमध्ये मिसळायचा. लागोपाठ तीन कार्डांवर तीच दोन माणसं त्याच खोलीत बोलत असतील तर तिथे तुमची एकांकिका डोकावते आहे. ४० कार्डांपर्यंत गोष्ट पोचत नसेल तर मध्यंतरानंतरचं काही ठरलेलंच नाही असं समजा. पानं लिहिताना ते सुचेल ही आशा धोक्याची आहे. तिथेच बहुतेक खर्डे थांबतात.

उद्याच्या सीनची चिठ्ठी

सगळ्या सल्ल्यांतला एकच पाळायचा असेल तर हा पाळा. रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटं उद्याच्या सीनचं कार्ड समोर घ्या आणि कागदावर चार ओळी लिहा: कुठे आणि कधी, कुणाला काय हवंय, समोरचा ते का देत नाही, आणि कोण काय लपवतंय. चौथी ओळ कार्डावर नसते, ती चिठ्ठीतच येते, आणि संवाद त्या ओळीतून निघतात.

उदाहरणार्थ, कोथरूडमधली जुनी सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. हॉल, संध्याकाळ. मुलीला वडिलांची संमतीपत्रावर सही हवी आहे. वडिलांना सही करायची नाही, पण तोंडावर नाहीही म्हणायचं नाही. ते लपवताहेत हे, की त्यांनी हा फ्लॅट कुणाच्या तरी कर्जासाठी आधीच गहाण ठेवला आहे.

चिठ्ठीशिवाय बसलं की हा सीन साधारण असा उतरतो:

मुलगी: बाबा, सगळ्यांनी सह्या केल्यात. तुमच्या एकट्यामुळे काम अडलंय.
बाबा: या घरात तुझ्या आईबरोबर ३० वर्षं काढलीत मी. असं कसं सोडू?

दोघांनी मनातलं सगळं बोलून टाकलं. नटाला करायला काही उरलं नाही, कॅमेऱ्याला बघायला काही नाही. आता लपवलेली गोष्ट डोक्यात ठेवून:

बाबा पेन शोधायला आत जातात. खणांची उघडझाप ऐकू येते. परत येतात ते चष्म्याचं फडकं घेऊन. काचा पुसत बसतात. मुलगी पर्समधून स्वतःचं पेन काढून कागदावर ठेवते.
बाबा: निळं आहे का? असल्या कागदांना काळं लागतं.

सही टळली, भांडण झालं नाही आणि बाबा काहीतरी लपवताहेत हे प्रेक्षकाला कळलं. रोज पहिल्याच बैठकीत असं उतरणार नाही. पहिल्या प्रकारचा सीन आला तर समासात फुली मारा आणि पुढे जा, पुनर्लेखनात त्याच्याकडे परत यायचंच आहे. पण चिठ्ठी असली की दुसऱ्या प्रकारचे सीन वाढत जातात, हे एका महिन्यात जाणवतं.

बैठकीची पहिली पाच मिनिटं चिठ्ठी आणि कालचं शेवटचं अर्धं पान वाचायला. मग अर्धा तास लिहायचं, फोन दुसऱ्या खोलीत. शेवटची दहा मिनिटं सीन मोठ्याने वाचायचा, अगदी कृतीच्या ओळींसकट. अडखळलात की तो शब्द खाली ओढून ठेवा, लगेच बदलू नका.

वेळ कोणती?

हिंजवडी किंवा खराडीला जाणाऱ्यांना संध्याकाळची वेळ कधी साधत नाही. आठला घरी पोचू असं ठरवलेलं असतं आणि वाकडच्या ट्रॅफिकमध्ये साडेआठ होतात. सकाळी पावणेसहा ते साडेसहा ही वेळ सगळ्यात टिकाऊ, कारण त्या वेळेवर दुसरं कुणी हक्क सांगत नाही. ज्यांना रात्रीच जमतं त्यांनी रात्री लिहावं, पण जेवणानंतर लगेच, "सगळं आवरल्यावर" नाही, कारण सगळं कधीच आवरत नाही.

पेठांत किंवा नदीपात्राजवळ राहत असाल तर आणखी एक गोष्ट आधीच ठरवा. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने ढोल-ताशा पथकांचा सराव संध्याकाळी सुरू होतो आणि संवाद मोठ्याने वाचणं अशक्य होतं. आषाढ लागला की वेळ सकाळवर न्या. सराव सुरू झाल्यावर हलवायला गेलात तर मधला आठवडा हातचा जातो. प्रत्यक्ष गणपतीत आणि दिवाळीत पाहुणे असतात, तेव्हा सीन लिहिण्याचा हट्ट धरू नका. रोज पंधरा मिनिटं कार्डं चाळा, क्रम बदलून बघा, चिठ्ठ्या लिहून ठेवा. काम चालू राहतं आणि दिवाळीनंतर परत बसताना कोरी पाटी नसते.

बसमध्ये किंवा मेट्रोत लिहिण्याचा प्रयत्न फारसा फळत नाही. तो वेळ कानाला द्या. सदाशिव पेठेतली आजी, हडपसरचा भाजीवाला, मराठवाड्यातून शिकायला आलेला मुलगा, भोसरीतला कामगार हे "उशीर झाला" एवढंच सांगतील, पण चौघांची वाक्यरचना वेगळी असेल. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवा, सुधारू नका. मराठी सिनेमात सगळी पात्रं एकाच घरात वाढल्यासारखी बोलतात, ती या वहीच्या अभावामुळे.

देवनागरीतलं पान आणि मिनिटाचा हिशेब

"एक पान म्हणजे एक मिनिट" हा नियम १२ पॉइंटच्या कुरिअर टाइपावर बेतलेला आहे. त्या टाइपात प्रत्येक इंग्रजी अक्षराची रुंदी सारखी असते. देवनागरी तशी नसते, शिवाय मात्रा आणि रफार यांच्यासाठी ओळींमधलं अंतर जास्त लागतं, त्यामुळे तुमच्या पानाचा हिशेब वेगळा निघणार. पाच वेगवेगळे सीन निवडा: एक नुसत्या संवादांचा, एक नुसत्या कृतीचा, तीन मिश्र. स्टॉपवॉच लावून अभिनयाच्या वेगाने वाचा, एकूण सेकंदांना एकूण पानांनी भागा. आलेला आकडा पहिल्या पानावर लिहून ठेवा. फॉन्ट आणि ओळींमधलं अंतर खर्डा संपेपर्यंत बदलू नका, नाहीतर तो आकडा निरुपयोगी होतो.

टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हांचा ढीग दिसतो. गूगल डॉक्स पुरेसं आहे. पटकथेचंच सॉफ्टवेअर हवं असेल तर स्क्राइट हे भारतात तयार झालेलं आणि भारतीय भाषा सांभाळणारं आहे. सॉफ्टवेअर निवडण्यात एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ घालवू नका.

दर पंधरा दिवसांनी वाचन

तालमीचा धाक परत आणायचा तो इथे. दोन-तीन माणसं पक्की करा, त्यातला निदान एक नट असावा. दर दुसऱ्या रविवारी सकाळी, कुणाच्या गच्चीवर किंवा हनुमान टेकडीवर, दहा-बारा पानांचं वाचन. तारीख पानं लिहून व्हायच्या आधी ठरवायची. लेखकाने स्वतः वाचायचं नाही आणि आधी काही समजावून सांगायचं नाही, प्रेक्षकाला कुणी समजावून सांगत नसतं. तुम्ही फक्त प्रतीवर खुणा करा: कुठे अडखळले, कुठे मोबाइलकडे नजर गेली, कुठे न सांगता हसले. वाचन झाल्यावर "आवडलं का?" विचारू नका. "पुढे काय होईल असं वाटतं?" विचारा. तिघांची तीन उत्तरं आली तर उत्तम, कुणालाच काही वाटलं नाही तर त्या टप्प्यातली कार्डं पुन्हा बघायला हवीत.

एकांकिकेची सवय या वाचनात लगेच उघडी पडते. पात्र दारातून येतं, "या, बसा", चहा, ख्यालीखुशाली, मग मुद्दा. रंगमंचावर पात्राला चालत यावं लागतं. सिनेमात ते आधीच बसलेलं असू शकतं. पहिल्या तीन आणि शेवटच्या दोन ओळी झाकून सीन वाचून घ्या. कळला, तर त्या ओळी गेल्या.

घसरण कुठे होते

पहिल्या २० पानांवर रंधा मारत बसणं ही सगळ्यात मोठी गळती. मागे जायचं नाही. वेगळ्या वहीत "सीन ७: बहिणीला कर्जाचं आधीच माहीत आहे" असं लिहा आणि ती दुरुस्ती झालेलीच आहे असं धरून आठवा सीन लिहा. पंचवीस-तिसाव्या सीनला सलग तीन दिवस अडलात तर पानं थांबवा, पण वेळ मोडू नका. त्या वेळेत कार्डं परत पसरा. अडचण बहुधा त्या सीनमध्ये नसून दहा-बारा सीन मागे असते, जिथे नायकाने काही ठरवायला हवं होतं आणि ठरवलं नाही.

दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन सीन लिहायला जाऊ नका, तिसरा दिवसही हातातून जातो. मोठा खंड पडला असेल तर पहिल्या दिवशी फक्त पंधरा मिनिटं बसून शेवटचे तीन सीन स्वच्छ उतरवून काढा. नवी, जास्त चमकदार कल्पना हमखास याच काळात येते. तिला एक कार्ड द्या आणि खणात टाका.

खर्डा संपल्यावर मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन संहितेची ऑनलाइन नोंदणी करा, आणि कुणालाही फाइल पाठवण्याआधी करा. मग दोन आठवडे संहिता उघडू नका. वेळ मात्र तीच ठेवा: त्या ४५ मिनिटांत चांगला मराठी सिनेमा थांबवत थांबवत बघा आणि त्याचा वनलाइनर लिहून काढा, रोज साधारण २० मिनिटांचा भाग. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयात सिनेमावरची पुस्तकं आणि पटकथा आहेत, प्रवेशाचे नियम आणि वेळ विचारून एक दिवस तिथेही जा. पंधराव्या दिवशी खर्ड्याची छापील प्रत आणि समासातल्या फुल्या घेऊन बसा. सुरुवात पहिल्या पानापासून करू नका, मध्यंतराच्या सीनपासून करा.